मुळं धुतलेलं झाड

२१ जानेवारी १९९६, रविवार

ही डायरी दादानं दिली. फौजेच्या कॅन्टीनातली हाय, वर सोनेरी अक्षरं. म्हणला, "अंजे, बोलत तर न्हाईस, मग लिव्ह तरी." आठवीनंतर मी पेन धरलाच न्हवता. शाळेत सर म्हणायचे उठून वाच, आन् उठलं की माझा आवाज आत जाऊन बसायचा. पोरं हसायची. मग जायचंच सोडलं. आईबी म्हणली, बरं झालं, शेळ्यांमागं कुणीतरी पायजेच.

आज जेवताना घरात वादळ झालं. दादानं बिस्किटाचा पत्र्याचा डबा मधे ठेवला. आत दोन रोपं. बोटाएवढी, निळसर हिरवी, पानांच्या जागी मऊ सुया. चिडाची म्हणं. तिकडं गढवालात, जिथं दादाची पलटण हाय, सगळे डोंगर ह्या झाडांचेच. मग त्येनं खिशातनं फोटो काढला. एक पोरगी, डोक्याला स्वेटरच्या रंगाचा रुमाल. नाव बीना. पलटणीच्या गेटबाहेर तिच्या काकाचा फोनचा बूथ हाय, तितं ती बसती. दादा दोन वर्सं आमाला फोन करायला तितंच जायचा.

आई म्हणली, "मी माझ्या भावाला शब्द दिलाय. सुवर्णा पाळण्यात व्हती तवाच."

"आई, सुवर्णा मला बहिणीसारखी हाय."

"मामाची पोर बहिणीसारखी? आपल्यात हे कवापास्नं सुरू झालं?"

आबा आईला म्हणले, "बने, पोरीचं घर कसलं हाय ते तरी इचार."

दादानं सांगितलं. त्यांचीबी वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. लोहारकाम, मिस्त्रीकाम करणारे लोक. गावाच्या पाणवठ्यावर त्यांनाबी पूर्वी येऊ द्यायचे न्हाईत. आबा म्हणले, "म्हंजे आपलंच की." पण आईनं डब्याकडं बोट केलं. "ह्ये झाड हितलं न्हाई. ह्येचं नावच चीड. हितं जगायचं न्हाई, आन् तीबी जगायची न्हाई. हितला पाऊस, हितली भाकरी, हितली माणसं, काय काय सोसंल?"

दादा म्हणला, "आन् झाड जगलं तर?"

"जगलं तर बघू."

आबांनी हात धुतला आन् म्हणले, "बघू न्हाई. शब्द दे. तुला शब्दाचं लय हाय ना?"

आई भाकरी मोडत बसली. मग म्हणली, "धम्मचक्र दिनाला हिरवं दिसलं तर आणू दे त्येला. न्हाई दिसलं तर सुवर्णा."

दादानं डबा माझ्याकडं सरकवला. आई हसलीच. "अंजी सांभाळणार? ती शेळीलाबी हाड म्हणत न्हाई."

मी कायबी बोलले न्हाई. नेहमीसारखंच.

२३ जानेवारी

दादा काल पहाटेच्या गाडीनं गेला. जाताना एवढंच म्हणला, "तुझ्यावर हाय बघ."

आज रोपं लावली. डब्यातली माती बघून कसंतरीच झालं. काळी, कुजकी, वास येणारी, आन् मुळांभवती पांढरे धागे. बुरशीच ती. आई म्हणली, घरात असली माती नको. मग मी बादलीत पाणी घेतलं आन् मुळं खळबळून खळबळून धुतली. आमी भाताचा तरवा उपटतो तवा तसंच करतो. चिखल धुवायचा, जुडी बांधायची, मग लावायचं. सगळं खोरं तसंच करतं. मुळं अशी पांढरी स्वच्छ निघाली की मलाच बरं वाटलं. धुतलेलं पाणी न्हाणीमागं ओतून दिलं.

दाराच्या उजव्या अंगाला खड्डे घेतले, तळाला शेणखत घातलं, आळं केलं. दोन्ही रोपं ताठ उभी हायत. जगतील.

११ फेब्रुवारी, रविवार

पलूसचा अर्जुना मामा आन् सुवर्णा आले. मामानं तेलाच्या डब्यात कमरेएवढं कागदी लिंबाचं झाड आणलं. आईनंच मागवलं व्हतं. ते दाराच्या डाव्या अंगाला लावलं. आई मला म्हणली, "आता कळंल, कुठलं झाड घरचं आन् कुठलं पाहुणं."

लिंबू लय देखणं हाय. पान चुरगाळलं की हात दिवसभर वास देतो. मामानं सांगितलं, आळं मोठं ठेव, खत घाल, पाणी घाल, आन् पानावर पाखराची शीट पडल्यासारखं दिसलं तर ती शीट न्हाई, अळी असती, ती वेचून काढ.

सुवर्णा मात्र लिंबाकडं बघेचना. सांगलीला मास्तरकीचा कोर्स करती, लय शिकल्यासारखं बोलती. चिडापाशी उकिडवी बसली आन् म्हणली, "हीच का ती झाडं? ह्येन्ला जगव गं अंजना, तुला माझी शपथ." मी बघतच राह्यले. खरं तर तिनं म्हणायला पायजे मरू दे. लय मोठ्या मनाची हाय बिचारी. तिला आमच्या घरात यायचंय आन् तरीबी दादाच्या झाडाची काळजी.

३ मार्च

दोघांनाबी सारखंच करते, मनात भेद नको. सकाळी लिंबाला एक कळशी, चिडाला एक कळशी. लिंबाला खत, चिडाला खत. शेणाची स्लरी केली, तीबी दोघांना.

आबा रस्त्याच्या गँगवरनं आले, खुरपं घिऊन माझ्या बाजूला बसले. म्हणले, "लिंबाचं कसं हाय, सगळं कामाला येतं. लोणचं, सरबत, पित्ताला, केस धुवायला. आता ह्या सुयांचं काय करायचं?"

 दाराच्या दोन अंगाला दोन झाडं, एक वास देतं आन् एक नुसतं उभं हाय.

आई आतनं म्हणली, "लिंबू म्हणलं की लोक दाराला टांगायलाबी मागतील."

आबा म्हणले, "आपल्या दाराला टांगायचं न्हाई, बने. खायचं."

१५ एप्रिल

काल जयंती झाली, वाडीत लय आनंद. मी मिरवणुकीत मागनं चालत व्हते पण मन घरी. आज सकाळी बघितलं तर एक चीड पुरा लाल झाला. सुया हात लावला की गळतात. उपटून बघितलं, मुळं तशीच पांढरी, धुतल्यासारखी, कुठं गेलीच न्हाईत.

दुसऱ्याचा शेंडाबी पिवळा पडायलाय.

आईनं मेलेलं रोप बघितलं. "म्हणलं व्हतं," एवढंच बोलली आन् आत गेली. मला वाटलं ती खूश हुईल. पण रातच्याला ती नीट जेवली न्हाई. उन्हानं असंल.

२८ एप्रिल, रविवार

दादाचा फोन तालुक्याला, मेढ्याच्या बूथवर येतो, रविवारी. आज मी गेले व्हते. दादानं इचारलं, "झाडं कशी हायत?" मी म्हणले, "बरी हायत." फोन ठेवल्यावर ST स्टँडवर बसून रडले. खोटं बोलायला आवाज निघतो आन् खरं बोलायला न्हाई, ही काय तऱ्हा?

दादा म्हणला, म्हैनाभर तो वर जाणार हाय, जिथं फोन न्हाई. कायबी लागलं तर बीनाच्या बूथचा नंबर हाय, तिला सांग.

२ मे

मला एक दिसलंय, ते कुणाला सांगता येत न्हाई म्हणून लिव्हते. आज तांबडं फुटताना उठले तर आई चिडापाशी बसली व्हती. हातात चुलीतली राख. रोपाच्या बुडाला टाकत व्हती. मला बघितलं तशी पदर झटकून उठली, म्हणली, "शेळी सुटली वाटलं."

म्हंजे आईच त्येला मारतीय. राखेनं जाळतीय. आपलीच आई असं करंल का? वांग्याला, मिरचीला राख घालतो ती कीड लागू नये म्हणून. पण चिडाला कसली कीड?

१९ मे, रविवार

आज जे केलं ते माझं मलाच खरं वाटंना.

झाडाचा वरचा निम्मा पिवळा.  शेवटी बूथवर गेले, बूथवाल्याला चिठ्ठी दिली, त्येनं नंबर लावला आन् रिसीव्हर माझ्या हातात दिला. घंटी वाजली. ठेवून द्यावा वाटला. तवर तिकडनं आवाज आला, "हलो, एसटीडी."

माझा आवाज आत.

"हलो? कौन?"

मीटरवर आकडं पळत व्हतं. बूथवाला बघत व्हता. मी म्हणले, "मैं अंजना. महेंद्र की."

"अंजना! आप बोलती हो? महेंद्र जी तो कहते थे आप बोलती ही नहीं."

मग मला हसू आलं आन् हसताना आवाज बाहेर आला. मी सांगितलं, एक मर गया, दूसरा पीला. तिनं इचारलं काय काय केलं. मी सगळं सांगितलं. पाणी, खत, स्लरी. "और मैंने लगाने से पहले उसका पाँव धोया."

"पाँव?"

"नीचे का. सब मिट्टी निकाला. सफेद धागा था, गंदा. साफ पानी में धोया."

 मग ती हळूच म्हणली, "अरे बहन. वो धागे ही तो उसको खिलाते हैं."

तिनं सांगितलं ते असं. तिच्या गावाशेजारी जंगलखात्याची नर्सरी हाय. तितं चिडाचं रोप करताना मोठ्या चिडाखालची माती आणून मिसळतात, न्हाईतर रोप उठत न्हाई. पांढरे धागे त्येच्या मुळांचे सोबती. खत नको, रोज पाणी नको, आळं तर मुळीच नको, पाणी साठलं की मूळ कुजतं. उतारावर लाव. शेंडा कधी खुडू नको, लिंबाला दुसरा फुटतो तसा चिडाला फुटायचा न्हाई. आन् राख नको, म्हणली. मी राखेचं काय बोललेच न्हवते, ती आपणहून म्हणली, की तिच्या आज्जीनंबी एकदा मायेनं राख घातली आन् रोप मेलं.

मायेनं?

मी इचारलं ह्या झाडाचा उपयोग काय. ती लय बोलली. सुया गुरांखाली अंथरायच्या, पिरूल म्हणतात. खोडाला चीर देऊन लोखंडी वाटीत डिंक गोळा करतात. लाकडाची ढलपी दिव्यासारखी जळती. बिया भाजून खायच्या. "पर सच बताऊँ, इसके नीचे घास नहीं उगती, और गर्मी में आग भी लगती है." आपल्याच झाडाचं वाईटबी सांगितलं तिनं. मला ते आवडलं.

शेवटी म्हणली, "इसकी सुइयाँ अभी अकेली-अकेली हैं. जब तीन-तीन साथ निकलें तो समझना बच गया." आन् मग एकदम आपल्या भाषेत, "जेवलीस का?"

मी म्हणले व्हय. जेवले न्हवते.

२४ मे

सोमवारी रातच्याला जेवताना मी मोठ्यानं म्हणले, "चिडाला आता कुणी राख घालायची न्हाई. राखेनं मरतं ते."

आई म्हणली, "मी कशाला घालू?"

आबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आन् तांब्यातच हसले. त्यात हसण्यासारखं काय व्हतं?

मग आबांना मोठ्या चिडाचं इचारलं. ते म्हणले, महाबळेश्वरला एका बंगल्याच्या आवारात असली झाडं हायत, रस्ता करताना बघितलीत. मी म्हणले तुमी माती आणा. ते म्हणले साहेब यायचाय, जमायचं न्हाई. त्या दिवशीच साहेब कसा यायचा व्हता कळंना. आबा, तुमी एकदा न्हाई म्हणला असता तरी चाललं असतं, पण चार दिवस इचारलं तर चारी दिवस साहेब.

२६ मे, रविवार

एकटी गेले. मेढ्याहून केळघरच्या घाटानं, गाडीत पुण्या-मुंबईचे लोक, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. माझ्या मांडीवर रिकामं पोतं.

बंगल्याच्या गेटावर म्हातारा वॉचमन. "काय पायजे?"

आवाज आत.

"कामाला आलीस? बाई न्हाईत घरात."

मी मान हलवली.

"मग सरपण? चल, पळ."

मी गेट धरून उभीच. आत झाडं दिसत व्हती, लय उंच, खाली सुयांची गादी. माझ्या बोटाएवढ्या झाडाची आजी-आजोबा. मग एकदम निघालं तोंडातनं, "माती पायजे."

"माती?" तो हसून हसून खोकायला लागला. "सगळा सह्याद्री मोकळा पडलाय, आन् तुला ह्या बंगल्याचीच माती?"

"ह्या झाडाखालची. माझ्या वहिनीसाठी."

वहिनी कशाला म्हणले काय म्हाईत. झाडासाठी म्हणायचं व्हतं. पण त्येनं हसायचं थांबवलं. म्हणला, "पोटुशी हाय व्हय? माती खावी वाटती?" मी न्हाई म्हणले न्हाई. त्येनं गेट उघडलं आन् खुरपंबी दिलं. वरच्या सुया बाजूला केल्या तर खाली काळी माती, तोच वास, तेच पांढरे धागे. मला जानेवारीत घाण वाटली व्हती ती.

गाडीत पोतं मांडीवरच ठेवलं. शेजारची बाई सरकून बसली.

२७ मे

आळं मोडलं. शेणखत खरवडून काढलं. बाजूनं हळूच उकरून ती माती घातली, वर सुया अंथरल्या. पाणी साठू नये म्हणून चर काढला, बुडाला उंचवटा केला. आई दारातनं बघत व्हती. म्हणली, "असली कुजकी माती आणायला एवढ्या लांब गेलीस? एकटी?" मी म्हणले व्हय. ती उंबऱ्यावर टेकली. मग म्हणली, "तिकीट कसं काढलंस? कंडक्टरला सांगितलंस तू?"

"व्हय."

"मोठ्यानं?"

२३ जून, रविवार

मामा आन् सुवर्णा आले. मी घाबरले व्हते. चिडाच्या नादात मे म्हैन्यात लिंबाला पाणीच घातलं न्हवतं, पानं पार मुरडून गेली व्हती. पाऊस सुरू झाल्यावर डोळा उघडला. मामा आता बोलणार म्हणून मी शेळीमागं जाऊन उभी.

मामानं हाक मारली. "अंजे, पाणी तोडलं व्हतंस का?"

"इसरले मामा."

"इसरलीस? अगं बघ तरी."

लिंबू फुलांनी पांढरं झालं व्हतं. आमाला पाऊस-चिखलात दिसलंच न्हाई. मामा म्हणला, "ह्येला ताण लागतो. पलूसला आमी मुद्दाम पाणी तोडतो, पानं मुरडू देतो, मग पाणी दिलं की कळी सुटती. तू न कळता केलंस." म्हंजे चिडाला मी जास्त केलं म्हणून ते मरत व्हतं, आन् लिंबाला इसरले म्हणून ते फुललं. झाडाचं कुणी कसं वळखायचं?

सुवर्णाचा कोर्स संपला. दिवसभर बोलत व्हती, "प्रशांत म्हणतो, पावसात चिडावर टोपली पालथी घाल. प्रशांतच्या आईकडंबी लिंबू हाय. प्रशांतला सांगलीच्या शाळेत जागा मिळणार." कोण प्रशांत? तिचा सर असंल.

जाताना तिनं चिडाला हळूच हात लावला. पिवळं थांबलंय. अजून हिरवं मात्र वाढलेलं न्हाई.

४ ऑगस्ट

पाऊस थांबायचं नाव न्हाई. खाचरं तुडुंब. मुळं धुवायचं काम परत आलं, तरवा धुताना दर वेळी ती जानेवारीतली बादली आठवती. भाताला चालतं ते चिडाला न्हाई.

काल वारा एवढा व्हता की म्हणलं चीड गेला. सकाळी पळत गेले. तर त्येच्या बाजूला काटकी रोवलेली, आन् जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाच्या पट्टीनं रोप तिला सैल बांधलेलं. भवती काट्यांचं कुंपण, शेळी येऊ नये म्हणून. आबांना म्हणले, "बरं केलं." आबा म्हणले, "मी? मी तर काल गँगवरच झोपलो, दरड आल्ती."

मग शेजारच्या रंगुबाईनं केलं असंल. तिला इचारायचं राह्यलं.

आई आज जेवताना इचारत व्हती, "त्या पोरीच्या गावात पाऊस असाच असतो का गं? काय बोलली का तुला ती?" मी म्हणले बर्फबी पडतो. आई म्हणली, "मग हितला पाऊस काय करणार तिला." आन् मग लगेच म्हणली, "मी आपलं इचारलं."

१५ सप्टेंबर

शेंड्यावर एक कोंभ. मेणबत्तीसारखा, पांढुरका. हात लावायची हिंमत झाली न्हाई.

दादाचा फोन म्हैनाभर न्हाई. परत वर गेलाय. बरं झालं एका अर्थी, आशा लावून काय उपयोग.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी वाडीतल्या सगळ्यांनी विहारात वंदना घेतली. आबांनी पांढरा सदरा घातला. मामा एकटाच आला व्हता. आईनं पांढरी साडी नेसली, आन् घरी आल्या आल्या सरळ चिडापाशी गेली. मी मागनं. आबा, मामा, रंगुबाई, सगळे. 

आई वाकली. काटं बाजूला केलं. मला वाटलं, आता म्हणंल शेंडा पिवळा हाय, अर्धं मेलंय. मी बोलायला तोंड उघडलं. म्हणायचं व्हतं, बघ, सुया तीन-तीन निघाल्यात, परवापास्नं. माझ्या आधी आईच बोलली. "सुया तीन-तीन आल्यात परवापास्नं. एका बुडख्यात तीन."

मग तिनं मामाकडं बघितलं न्हाई, जमिनीकडं बघितलं. "अर्जुना, मी तुला शब्द दिला व्हता."

मामानं टोपी काढली, परत घातली. "आक्का, तुला कसं सांगू म्हणून चार म्हैने पलूसला बसलोय. पोरगी मास्तरीण झाली. तिच्या बरोबरचा एक पोरगा हाय, सांगलीचा, आपल्यातलाच. ती म्हणती महेंद्रदादाला मी राखी बांधती. आता सांग, शब्द तू मोडलास का मी?"

"चार म्हैने?" आई म्हणली. "आन् मी हितं झाडाच्या सुया मोजतीय?"

आबा हसले ते हसतच राह्यले. आई त्यांच्यावर खेकसली, "आवं, त्यात दात काढायला काय झालं?" पण तिचं डोळं भरलं व्हतं.

प्रशांत म्हंजे कोण ते मला आत्ता कळलं. आन् लुगड्याचा हिरवा काठ कुणाचा तेबी. आईच्या ट्रंकेत त्याच काठाचं अर्धं लुगडं हाय.

२० ऑक्टोबर, रविवार

आज आई माझ्याबरोबर मेढ्याला आली. दादा डिसेंबरशिवाय खाली येत न्हाई. आई म्हणली, "तवर काय त्या पोरीला ताटकळत ठेवायचं? लाव फोन."

मी बूथवाल्याला नंबर सांगितला. चिठ्ठी न देता.

"हलो, एसटीडी."

मी म्हणले, "अंजना. आई बात करेगी." आईनं रिसीव्हर उलटा धरला, मी सरळ करून दिला. आई ओरडली, "हलो! मैं महेंद्र की आई!" स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले. मग तिला पुढं काय बोलायचं ते सुचंना. माझ्याकडं बघितलं. ती आवाज आत जाण्याची तऱ्हा माझ्याकडं कुठनं आली ते मला त्याच येळी कळलं.

मी हळूच म्हणले, "इचार ना, काय खातात."

"खाने को क्या करते तुम लोग?"

"मंडुए की रोटी, माँ जी."

आईनं रिसीव्हरवर हात ठेवला. "मंडुवा म्हंजे काय गं? ते आपल्याकडं मिळत न्हाई ना? म्हणलं व्हतं मी..."

मी रिसीव्हर घेतला. "मंडुवा कैसा होता है?"

"छोटा दाना, राई जैसा. लाल-काला. रोटी काली बनती है. पहाड़ की ढलान पर उगता है."

मी आईला सांगितलं. आई माझ्याकडं बघतच राह्यली. "काळी भाकरी? राईएवढा दाणा? उतारावर?" मग एकदम टाळीच दिली, "अगं नाचणी की ती! येडे, नाचणीच ती!" बूथवाला दचकला. "आपल्या वरच्या वावरात काय हाय मग? सगळी नाचणीच उभी हाय!"

तिनं रिसीव्हर हिसकावून घेतला. हिंदी सगळी सोडली. "ऐक पोरी. तीच भाकरी आमी खातो. थापतेस का लाटतेस? ते राहू दे, मी शिकवीन. महेंद्र आला की ये. आन् येताना तुझ्या झाडाखालची माती आण थोडी, डबाभर. हिनं ती धुतली गं सगळी, भाताचं केल्यासारखं. आमाला तेवढंच येतं."

मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं. पण तिकडनं आधीच आवाज आला, बारीक, फोनात घरघर असताना पण स्पष्ट, दादासारखाच हेल काढून:

"आणते, आई. तुमी जेवला का?"

 आईनं नुसती मान हलवली, फोनात मान दिसती असं वाटून.

घरी आल्यावर आईनं दोन्ही झाडांना पाणी घातलं. लिंबाला कळशीभर, चिडाला चुळभर. मला इचारलंबी न्हाई किती घालू ते.